दुसऱ्या सहीसाठी अडलेला पाइप

मित्रांनो, नाकाला रुमाल लावू नका, आता मी पुरता कोरडा आहे. मी एक जुना सांडपाण्याचा पाइप आहे. सेलूत कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागच्या गल्लीत एका घराखाली मी तीस वर्षे काढली. घरातली घाण रस्त्याखालच्या मोठ्या गटारापर्यंत निमूट पोहोचवायची, एवढेच माझे काम. कौतुक म्हणाल तर एकदाच झाले. मला बसवणारा गवंडी टकटक वाजवून म्हणाला होता, "लय पक्का माल हाय." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षे जगलो.

मी भट्टीत भाजलेल्या मातीचा, वरून तपकिरी झिलईचा. मला जमिनीत उतरवले तेव्हा गवंड्याला घाई होती. त्याने पिण्याच्या पाण्याचा नळही माझ्याच चरात, हातभर अंतरावर टाकून दिला. चर सरळ यावा म्हणून दोरी धरायला घरातला थोरला मुलगा दत्तराव होता. धाकटा बन्सीधर तेव्हा परभणीला शिकत होता. शेजारून पिण्याचे पाणी वाहते म्हटल्यावर मी आपला अंग आवरून राहायचो.

पुढे वडील गेले आणि भावांची वाटणी झाली. भांडी वाटली, पलंग वाटले, तुळससुद्धा दोन कुंड्यांत गेली. अंगणात भिंत घालायचे ठरले. कुणाला बोटभर जास्त जाऊ नये म्हणून तीनतीनदा मोजून मध्य काढला, आणि तो नेमका माझ्या पाठीवर आला! मी तेवढा सामाईक राहिलो, कारण घाणीचा वाटा कुणी मागितला नाही. खाली काय आहे, हे एकाच्याही मनात आले नाही. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरून भिंत, खालून अशी माती. या वैशाखात मी मधोमध तडकलो.

तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्यातली घाण झिरपू लागली, ती थेट नळाच्या दिशेने. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येते. मधले चार दिवस नळाचा पाइप रिकामा असतो, आणि कुठे जोड सैल असला तर रिकामा पाइप आजूबाजूचे पाणी आत ओढतो. दत्तरावांची नात अर्पिता चार वर्षांची आहे. नळ आला की पहिली ओंजळ तिची. मी दिवस मोजू लागलो.

बन्सीधरच्या न्हाणीत पाणी तुंबले तेव्हा त्याची बायको दैवशाला हिने नळकाम करणाऱ्या गोपाळला बोलावले. त्याने लांब पट्टी घालून पाहिली आणि मान हलवली. "पाइप फुटलाय भाऊ, बदलावाच लागतोय. पर रस्ता फोडायचा म्हणल्यावर नगरपालिकेची परवानगी लागती."

बन्सीधर अर्ज घेऊन गेला आणि तसाच परत आला. घराच्या उताऱ्यावर दोघा भावांची नावे होती, म्हणून सह्याही दोघांच्या हव्यात. त्यानंतर माणूस येऊन जागा पाहणार, मग परवानगी. आता आली का पंचाईत! वाटणीपासून सहा वर्षे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दैवशालेने तो अर्ज भिंतीवरून जाऊबाईंच्या, केशरबाईंच्या हातात दिला. केशरबाईंनी नवऱ्यापुढे ठेवला. दत्तरावांनी त्याकडे पाहिलेही नाही. "ज्याला सही पायजे त्यानं सोता यावं. कागद कशाला धाडायलाय?"

अर्ज सहीविना परतला आणि बन्सीधरचे डोके फिरले. "रविवारी कचेरी बंद ऱ्हाती," तो गोपाळला म्हणाला. "गुपचूप खोदून घेऊ." शेजारी नळ आहे हे ना त्याला ठाऊक, ना गोपाळला. पहार जरा तिरकी पडली की नळ फुटणार आणि माझी घाण सरळ त्यात जाणार. सोमवारी नळ येणार होता.

रविवारी सकाळी पहिला घाव पडला. मग दुसरा. भिंतीचा गिलावा झडला. मला भीती माझी नव्हती, मी तर फुटलेलोच होतो. तिसऱ्या घावाला पहार नळापासून वीतभर अंतरावर थांबली. तेवढ्यात पलीकडून केशरबाईंचा आवाज आला, "अवो, तिकडं खोदायलेत." दत्तराव अनवाणीच सहा वर्षांनी धाकट्याच्या दारात आले.

"गोपाळ, हात थांबीव. नळाची लाइन तिथंच हाय, एकाच चरात. दोरी म्याच धरली व्हती."

बन्सीधर खाली मान घालून म्हणाला, "दादा, मला म्हाईत न्हवतं."

"कसं म्हाईत असंल? बोलतोय का आपून?" दत्तराव खाली वाकले. ओली माती बोटावर घेऊन त्यांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "आमची अर्पी हेच पाणी पितीय. कवापासून गळायलंय हे?"

उत्तर फक्त मला ठाऊक होते. दत्तरावांनी हात पुढे केला आणि दैवशालेकडे अर्ज मागितला. भिंतीला टेकवून त्यांनी सही केली.

सोमवारी नळ आला, पण दोन्ही घरांत त्या पाण्याला कुणी शिवले नाही. मंगळवारी नगरपालिकेचा माणूस आला. त्याने जमिनीवर उकिडवे बसून सगळे पाहिले. नवा पाइप आणि नळ वेगवेगळ्या चरांत घाला, त्यासाठी चार हात भिंत पाडा, असे त्याने लिहून दिले. गुरुवारी परवानगी मिळाली. भिंत दोघा भावांनी मिळून पाडली. ती पुन्हा बांधायची की नाही यावर त्यांचे अजून जमत नाही, पण वाद आता समोरासमोर चालतो.

माझे तुकडे रस्त्याकडेला पडले आहेत. मित्रांनो, तुमच्या घराखालून काय कुठून जाते ते घरातल्या जाणत्यांना विचारून ठेवा. खोदायच्या आधी परवानगी घ्या, म्हणजे कुणीतरी वाकून पाहील. आणि ज्याला खालचे ठाऊक आहे त्याच्याशी अबोला धरू नका. अर्पिता आता खेळते आहे. मागच्या पंधरवड्यात तिला तीन दिवस जुलाब झाले होते. ऊन लागले असेल, असे घरचे म्हणतात. मला मात्र तसे वाटत नाही.