चौथा रकाना

बोटीने युरोपला निघून समुद्रात बेपत्ता झालेल्या पोरांचा शोध घेणारं संकेतस्थळ ट्युनिशियातल्या जर्जिसमध्ये आम्ही दोघं चालवायचो, मी आणि वज्दी. गाव, वर्ष, कपडे आणि स्थिती असे चार रकाने. भरलेलं सगळं त्याच क्रमाने पानाच्या वेब-पत्त्यात जायचं. एक रकाना जरी रिकामा राहिला, तरी पत्ता जुळायचा नाही आणि 'काही सापडलं नाही' असं उमटायचं. स्थितीला पर्याय तीनच: रुग्णालय, तुरुंग, कबरस्तान.

समोरच्या घरातल्या मब्रूका खालाने तो चौथा रकाना कधी भरलाच नाही. तिचा मुलगा गसान निळा स्वेटर घालून बोटीत बसला होता. अर्धवट पत्ता तिने फोनमध्ये साठवून ठेवला होता. रोज सकाळी रोट्या झाल्या की तो उघडून मला दाखवायला यायची.

"नाही ना सापडला? मग कुठेतरी जेवत असेल."

मला ते सहन होईना. शोध न घेताच 'सापडलं नाही' सांगायचं, हा शुद्ध खोटेपणा. मी ठरवलं, क्रम कसाही असो, रकाना रिकामा असो, जे दिलंय तेवढ्यावर शोधायचं.

"खालाचं पान उघडेल मग," वज्दी म्हणाला.

"उघडू दे की. तिला कळायला नको?"

"तुला फार घाई, हनेन."

"आणि तुला तिचा फार पुळका. बाकीच्या आयांनी काय घोडं मारलंय?"

तो आपल्या स्क्रीनकडे वळला. संध्याकाळपर्यंत मी बदल करून टाकला.

सकाळी खाला आली ती पिठाच्या हातांनीच. फोन माझ्यासमोर ठेवला. पानावर एकच फोटो होता: निळा स्वेटर, कोपरावर हिरव्या लोकरीचा रफू. खाली लिहिलं होतं, कबरस्तान.

"निळी लोकर संपली होती," ती म्हणाली. "तो म्हणाला, राहू दे आई, बोटीत कोण बघतंय."

रडू मला फुटलं. तिला नाही. मी घाईघाईने समजावू लागले, "खाला, आजवर ते पान शोधतच नव्हतं. चौथा रकाना रिकामा होता ना, म्हणून..."

"ठाऊक आहे गं. वज्दीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." तिने बाहीने फोनवरचं पीठ पुसलं. "म्हणून तर भरत नव्हते."

मग तिने हळूच विचारलं, "पहिल्यासारखं करता येईल का?"

कोडच्या एका ओळीचं काम होतं.

"नाही, खाला," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि भट्टीत रोट्या राहिल्यात म्हणत घरी गेली.