सात नंबर खरं बोलत होता

मित्रांनो, मला जुना म्हणा, खुशाल म्हणा. पण बिघडलेला म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही! मी शेवगावच्या एका मुलींच्या शाळेतला सात नंबरचा कॉम्प्युटर आहे. खिडकीजवळ, कोपऱ्यात, धुळीत. पण या कोपऱ्यात बसून मी जे केलं ते खोलीतल्या एकाही चकचकीत भावंडाला जमलं नाही.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. नगरच्या एका दुकानामागच्या खोलीत रंगनाथ नावाच्या कारागिराने मला जोडलं. डबा एकीकडचा, आतली मदरबोर्डची पाटी दुसरीकडची, पंखा तर कुणाच्या तरी बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा! तरी पहिल्यांदा बटण दाबल्यावर मी अशी काही किंकाळी फोडली की रंगनाथ म्हणाला, "घ्या, बाळ रडलं!" मग टेम्पोत बसून मी शेवगावला आलो. शाळेत माझी पूजा झाली. त्या दिवशीचं थोडं कुंकू अजून माझ्या कीबोर्डच्या फटीत आहे.

काय दिवस होते ते! मुली घामेजल्या बोटांनी एकेक अक्षर शोधायच्या आणि स्क्रीनवर आपलं नाव उमटलं की खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायच्या. त्यातच एक होती सविता. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे आणि ती वसतिगृहात राहायची. सुट्टीतही ती माझ्यापुढे बसलेली असे. इतर मुली माऊस फिरवत. ही माझं झाकण काढून आत काय आहे ते बघे.

सविता शिकून बाहेर पडली. नवे कॉम्प्युटर आले आणि मी कोपऱ्यात गेलो. एकदा वीज अशी काही उसळली की मला दुरुस्तीला पाठवावं लागलं. तिथे माझ्यातली सगळी सेटिंग पुसून मला परत पाठवलं. यातच पुढच्या गोष्टीचं बी आहे, तेव्हा नीट ऐका.

आमच्या मधुवंती मॅडम शनिशिंगणापूरच्या. घराला कवाड नसलेल्या गावातून येऊन त्यांनी शाळेच्या इंटरनेटला मात्र दार बसवलं, आणि दारावर द्वारपालही! त्याला प्रॉक्सी म्हणतात. आम्ही मागितलेलं प्रत्येक पान त्याच्या हातून यायचं. नको ती पानं तो अडवायचा. नेहमीच्या पानांची नक्कल स्वतःजवळ ठेवायचा आणि पुन्हा कुणी मागितलं की बाहेर न जाता तीच पुढे करायचा. त्याचा पत्ता प्रत्येक कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये लिहिलेला होता. फक्त दुरुस्तीहून आलेल्या माझ्यात तो लिहायचा राहून गेला. मॅडमना याची खबरच नाही. मुलींना मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं! सात नंबरवर गाणी चालतात, नाचाचे व्हिडिओ चालतात! नवे कॉम्प्युटर सोडून मुली माझ्या खुर्चीसाठी वेण्या ओढायच्या आणि मॅडम कौतुकाने म्हणायच्या, "जुन्या वस्तूची किती माया या पोरींना!"

अशात सविताचा मॅडमना फोन आला. ती आता गावातल्या घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होती. नोकरी पक्की नव्हती, अजून ट्रायलवर होती, आणि एकटीने साइट तपासायचं हे तिचं पहिलंच काम. तिची आई, लंकाबाई, आता बायकांच्या शेतकरी गटाची प्रमुख. गटाने कांदा साठवायला मोठी कांदाचाळ बांधली होती आणि तिथली जागा वेबसाइटवरून नोंदवायची ठरलं होतं. "रांगेत उभं राहू नका, मोबाईलवरून नोंदवा," असं घरोघरी जाऊन सवितानेच सांगितलं होतं. सोमवारी सकाळी नोंदणी उघडणार आणि पंचक्रोशीतल्या बाया एकदम तुटून पडणार. साइट तेवढी गर्दी सोसेल का, हे आधी बघायचं होतं. लग्नाआधी मांडवाचा खांब हलवून बघतात ना, तसंच. खोटी गर्दी सोडून साइट हलवून बघायची. एकट्या लॅपटॉपने पुरेशी गर्दी होत नाही, म्हणून रविवारी शाळेतले आम्ही सगळे हवे होतो. सविता घरून हुकूम सोडणार, आम्ही प्रत्येकी पुष्कळ बायांच्या वतीने इथून साइटवर धावून जाणार.

रविवारी मॅडमनी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. त्यावर सविता होती, तिच्याशेजारी लंकाबाई, आणि पुण्याहून तिच्याच कंपनीतले, ही साइट बनवणारे सुहास सर.

"सोडते हं गर्दी!" सविता म्हणाली.

धावलो! साइटने उत्तर दिलं की हिरवा, नाही तर लाल. सगळे हिरवे. एक, दोन, तीन, सगळे हिरवेगार. आणि मी? लाल. साइटकडून उत्तरच येईना.

"बघ, साइट घोड्यासारखी पळतेय," सुहास सर म्हणाले. "ते सात नंबर कुठल्या म्युझियममधून आणलंस? काढ त्याला आणि रिपोर्ट दे."

"आवं सायेब," लंकाबाई मध्येच बोलल्या, "म्हातारं झालं म्हनून लगीच काढायचं व्हय? मग मला बी काढा की गटातून!"

"आई, थांब जरा!" सविता हसू दाबत म्हणाली. "मॅडम, सातची वायर सहाला आणि सहाची सातला लावता?"

मॅडम पदर खोचून टेबलाखाली शिरल्या. वायर बदलली. सहा हिरवा, मी लालच. मला पुन्हा चालू केलं. लालच. मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडून सांगितलं असतं!

सविताने हिरव्यांचे आकडे पुन्हा तपासले. मग म्हणाली, "सर, सात का हरला ते राहू द्या. बाकीचे इतके लवकर कसे जिंकले? मी एक पान उघडते तर यांच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्या सर्व्हरवर किती गर्दी पोचली, बघा ना."

पलीकडे बटणं वाजली. सुहास सरांचा आवाज उतरला. "इथे… जवळजवळ एकाच कॉम्प्युटरची दिसतेय."

सविताने दुरूनच आम्हा सगळ्यांची सेटिंग उघडली. सगळ्यांत द्वारपालाचा पत्ता. माझा रकाना रिकामा. "मॅडम, बाकीचे बाहेर गेलेच नाहीत! चाचणीच्या साइटला अजून https चं कुलूप नाही, पानं वाटेत कुणालाही वाचता येतात, म्हणून तुमच्या प्रॉक्सीने पानांच्या नकला करून ठेवल्या आणि त्याच वाटल्या. साइटच्या दारात एकटा सात गेला. आणि एकट्या सातच्या गर्दीनेच ती आडवी झाली."

"अगं बाई," मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणून पोरी सातसाठी भांडायच्या होय! आणि मी म्हणते माया!"

खात्री करायला सर्वांत नव्या आठ नंबरचा प्रॉक्सी काढला. पुन्हा गर्दी सोडली. आठही लाल!

सुहास सर म्हणाले, "सविता, उद्याची तारीख दिलेली आहे. आणि तू अजून ट्रायलवर आहेस, विसरू नकोस."

सविताने रिपोर्टचं पान उघडलं.

"सर, नोकरी दुसरी मिळेल," सविता म्हणाली. "उद्या बायांच्या मोबाईलवर चाक फिरत राहिलं, तर पुन्हा कुणी माझं ऐकणार नाही. मी नापास लिहिते."

"लिही गं," लंकाबाई म्हणाल्या. "मी सांगते समद्यांना, आठ दिस दम धरा. शिव्या मला देतील, त्याची सवय हाय मला."

आठवडाभर सुहास सरांनी साइट पुन्हा बांधली. पुढच्या रविवारी बाकी सगळ्यांचे प्रॉक्सी काढले आणि आम्ही खरेखुरे धावलो. सगळे हिरवे, आणि या वेळी मीसुद्धा! सोमवारी नोंदणी उघडली. लंकाबाईंनी चुलीपुढे बसूनच जागा नोंदवली. दुपारी सुहास सरांनी सविताला पुढच्या साइटचं काम दिलं. ट्रायलचा शब्द काढला नाही.

माझ्यातही आता द्वारपालाचा पत्ता लिहिला आहे. गाणी बंद, त्यामुळे माझ्या खुर्चीसाठी कुणी भांडत नाही. वाईट वाटतं थोडं, खोटं कशाला बोलू! पण परवा सविता स्वतः आली, माझ्यापुढे बसली आणि भोवती जमलेल्या मुलींना म्हणाली, "हा पडला म्हणून साइट उभी राहिली."

तेव्हा मित्रांनो, एखादं यंत्र एकटंच लाल दाखवू लागलं तर त्याला चापट मारू नका. रांगेतून काढायच्या आधी त्याची वायर बघा, सेटिंग उघडा, आणि जे पटकन हिरवे झाले त्यांनाही दोन प्रश्न विचारा. आणि जाता जाता माझा पंखा तेवढा पुसा. शेवगावची धूळ लई वाईट, आणि मला अजून पुष्कळ धावायचं आहे.