हरेशच्या खिशातला पाडा

डोळखांबच्या डोंगरातल्या त्या पाड्यावर गिरजाच्या तोंडी सहसा कुणी लागत नसे. तलाठी असो, रेशनवाला असो की कोंबडीवर टपलेलं मांजर असो, तिच्याकडे सगळ्यांसाठी एकच माप होतं. त्या दिवशी सकाळी आठपासून ती किन्हवलीच्या सेवा केंद्रात बसली होती आणि ते माप समोरच्या संगणकावर रिकामं करत होती. संगणकाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तिची पोरगी भूमिका बारावी झाली होती. पाड्यावरून बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. नर्सिंगचा कोर्स, वर वसतिगृहात फुकट राहायचं, असा तो प्रवेश होता. अर्जाची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती. अर्ज चुकला तर पोरगी दिवाळीनंतर आई-बापाबरोबर वीटभट्टीवर जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. पाड्यावरची सगळी पोरं तशीच गेली होती.

केंद्र चालवणाऱ्या ओमकारने अर्ज भरला, बटण दाबलं आणि म्हणाला, "मावशी, ओटीपी गेला. मोबाइल बघा."

आधारवरचा नंबर एव्हाना बदलला असेल या आशेने गिरजाने आपला बटणांचा फोन पाहिला. भूमिकाने तिचा पाहिला. दोन्ही फोन दगडासारखे गप्प. मग ओमकारने पडद्यावर दिसणारे शेवटचे तीन आकडे वाचून दाखवले आणि गिरजाने कपाळावर हात मारला. तो नंबर अख्ख्या पाड्याला तोंडपाठ होता. तो हरेश मुकादमाचा नंबर होता.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सगळा पाडा तेव्हा मुरबाडकडच्या एका भट्टीवर होता, हरेशनेच नेलेला. तिथे आधार काढणारे आले. मोबाइल नंबर सांगा म्हणाले. चाळीस माणसांत फोन एकच, तो हरेशच्या शर्टाच्या खिशात. त्याने आपला नंबर सांगितला, दुसऱ्यासाठी तोच सांगितला, पुढेपुढे तर लिहिणाऱ्याने विचारायचंही सोडून दिलं. बिचाऱ्याने आपल्यासाठी केवढी तोशीस घेतली, असंच लोकांना वाटलं. वर त्याने सगळ्यांना चहा पाजला होता. चाळीस माणसांची ओळख एका अर्ध्या कप चहात मुकादमाच्या खिशात गेली.

तेव्हापासून पाड्याच्या नावाने निघालेला प्रत्येक सरकारी निरोप हरेशच्या फोनवर उतरायचा. रेशनचा आकडा हवा, विचारा हरेशला. म्हातारीचं पेन्शन अडलं, विचारा हरेशला. तो नाही कधी म्हणायचा नाही. फक्त आकडा सांगण्याआधी घसा खाकरायचा आणि यंदा भट्टीवर किती माणसं येणार ते विचारायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात. इथे त्या किल्ल्या सरकारने स्वतः मुरबाडला नेऊन पोचवल्या होत्या, आणि सुरक्षितता म्हणतात ती हीच.

नंबर बदलायला भूमिका शहापूरला दोन खेपा घालून आली होती. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणे ओळख पटत नाही. सात वर्षांची असताना, विटांची माती बोटांवर असतानाच घेतलेले ते ठसे. आता नवे ठसे दिले होते, पण ते चढायला महिना लागणार होता. गिरजाने तिथल्या बाईला विचारलं होतं की नऊ महिने पोटात वागवली तिला मी ओळखते, ते चालेल का. ते चालत नव्हतं.

"दुसरा नंबर नाय टाकता येत?" गिरजाने ओमकारला विचारलं.

"आधारवरचाच लागतो, मावशी. सिक्युरिटी असते."

मागे रांगेतला एक म्हातारा आपला ओटीपी ओमकारला ओरडून सांगत होता, कारण ओमकारला पंख्याच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. रांगेतल्या वीस जणांना मात्र नीट ऐकू आला. गिरजाने त्या सिक्युरिटीला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि हरेशला फोन लावला.

हरेश गोड बोलला. पोरीचे मार्क विचारले, कौतुक केलं. मग घसा खाकरला. यंदा गिरजाने आणि तिच्या नवऱ्याने, जाणूने तर यायचंच, पण पोरीलाही आणायचं. शिकलेली आहे, भट्टीवर हजेरी लिहायला मालकाला असंच कुणीतरी हवंय. नर्सिंग काय, पुढच्या वर्षीही करता येईल. तेवढं हो म्हण, आकडा सांगतो.

गिरजा हो म्हणाली. तिने क्षणभरही विचार केला नाही, कारण पाड्याच्या रीतीने तो शब्दच नव्हता. मुकादमाला द्यायचा शब्द चार माणसांसमोर त्याच्या हातावर हात मारून द्यायचा. एकदा हात मारला की मग ताप असो की घरात मयत असो, माणूस भट्टीवर जायचा. म्हणून तर हरेशने कधी कुणाचा कागद केला नव्हता. पण फोनमधून कुणी हात मारला आहे?

पहिला आकडा टाकेपर्यंत पडद्यावर चक्र फिरत राहिलं आणि आकडा मेला. दुसऱ्याच्या वेळी वीज गेली. तिसऱ्यांदा हरेशने पोरीबद्दल पुन्हा वदवून घेतलं आणि गिरजाने पुन्हा हो म्हटलं. पाचला वीस मिनिटं कमी असताना अर्ज गेला. घरी जाताना जीपमध्ये भूमिकाने हळूच विचारलं की खरंच जावं लागेल का. गिरजा म्हणाली, तू पुस्तकं बांध. त्या रात्री ती पोटभर जेवली आणि जाणूला हरेशच्या घसा खाकरण्याची नक्कल करून दाखवली.

तीन आठवड्यांनी हरेश मोटारसायकलवर पाड्यावर आला. माणसं लावणी आटपून घराकडे येत होती, ती अंगणाभोवती जमली. तो गिरजासमोर उभा राहिला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

गिरजाने पदर खोचला. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर गेलं, असं तिने सरळ सांगून टाकलं. हात तिने मारलेला नाही, आणि पोरीच्या नावाने तर कधीच मारणार नाही. दुसऱ्याच्या निरोपांवर बसून राहणाऱ्याला मुकादम म्हणत नाहीत, साप म्हणतात, असंही ती म्हणाली. दोघं-तिघं हसली.

हरेश चिडला नाही. तेच वाईट होतं. त्याने खिशातून फोन काढला.

"परवा मेसेज आला. तुझ्या पोरीचा नंबर लागलाय. तीन दिसांत जागा घ्यायची, नायतर दुसऱ्याला. जागा घ्यायला आत जायाचा आकडा पण हाय, तो तीनी दिस चालतो." त्याने फोन पुन्हा खिशात टाकला. "उद्याचा दिस तेवढा हाय."

कुणी हसलं नाही. गिरजाने आजूबाजूला पाहिलं. हरेश एकटा होता, पाडा दहा-बारा घरांचा होता. दोघांनी धरला असता तरी फोन हातात आला असता. पण छायाच्या सासऱ्याचं पेन्शन अडलेलं होतं, शेजारच्या सरूचं रेशन अर्धं आलं होतं, आणि त्या सगळ्यांचे आकडे त्याच खिशात होते. छाया मान खाली घालून म्हणाली, "गिरजे, मार गो हात. आमाला पण त्याच्याकडंच जायाचं हाय."

गिरजाला तिचा राग आला नाही. राग आला तो स्वतःचा. अर्ज गेला त्या रात्री आपण जिंकलो म्हणून पोटभर जेवलो, याचा.

"मी येते," ती हरेशला म्हणाली. "दिवाळीपासून पार पावसापर्यंत. जाणू पण येल. पोरगी नाय. पटत असल तर हात करा, नायतर चालते व्हा."

हरेशने जरा हिशेब केला आणि हात पुढे केला. गिरजाने त्यावर असा हात मारला की आवाज शेवटच्या घरापर्यंत गेला.

"आता वाच," ती म्हणाली. त्याला तिने पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

भूमिका वही घेऊन पुढे आली. हरेशने फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि एकेक अक्षर लावत साऱ्या पाड्यासमोर मोठ्याने वाचलं. पोरीचं नाव, जागा घ्यायची तारीख, मग सहा आकडे. वाचायच्या ओघात तो खालची ओळही वाचून गेला. हा क्रमांक गोपनीय आहे, तो कोणालाही सांगू नये.

भूमिकाची पेन्सिल थांबली. "आये, शेवटचं पण लिवू?"

"नको," गिरजा म्हणाली. "ते त्याला धाडलंय."