पाच मिनिटांनंतर

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत. एकदा चिकटली की सुटत नाही, म्हणून. "पाल तरी म्हणत नाहीत," असं ती नवऱ्याला सांगायची.

तिचं काम आग लावण्याचं, तेही काडी न ओढता. भट्टीतला काचेचा गोल चंबू तापवायचा, सिरिंजने रसायनाचे दोन-तीन थेंब आत सोडायचे, दिवे मालवायचे आणि चंबूच्या तोंडावरच्या आरशात बघत बसायचं. ठिणगीशिवाय, नुसत्या उष्णतेने द्रव पेटला, की तापमान थोडं उतरवून पुन्हा तेच. सगळ्यात कमी किती अंशांवर पेटतो, तो आकडा अहवालात.

त्या आठवड्यात एका कारखान्याचं द्रावक आलं. जुन्या अहवालात आकडा होता दोनशे अडतीस. ते द्रावक ज्यात तापायचं तो कारखान्याचा ड्रायर दोनशे पंचवीसवर चालायचा. "नुसतं अहवालाचं नूतनीकरण आहे, उरकून टाक," साहेब म्हणाले. जुन्या अहवालावर सही त्यांचीच होती.

दोनशे चौतीसला पाच मिनिटं काहीच झालं नाही. नियम दहा मिनिटांचा होता, म्हणून ती बसून राहिली. सहाव्या मिनिटाला आरशात ज्योतीची निळसर झाक हलली. तिने चंबूत हवा फुंकून तो साफ केला आणि तापमान आणखी उतरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्याचा फोन आला. "घरी कधी येतेस?"

"आग लागली की."

"बरं, मग मी जेवून घेतो."

संध्याकाळपर्यंत ती दोनशे एकवीसवर पोचली होती, आणि तिथेही द्रव पेटला. म्हणजे ड्रायरच्याही खाली. ती तडक साहेबांकडे गेली.

"आरशात स्वतःचंच तोंड बघितलं असशील," ते हसले.

"माझं तोंड निळं नाही, साहेब. चला, तुम्हीच बघा."

ते आले. तिने थेंब सोडले, दिवे मालवले. अंधारात दोघं स्टुलांवर बसले. पाच मिनिटं झाली तसा त्यांचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला.

"हात खाली, साहेब."

तिच्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. साहेबांनी हात मागे घेतला. सात मिनिटं. आठ. नवव्या मिनिटाला आरशात फिकी ज्वाला उमलली आणि तापमापकाचा काटा टणकन वर उडाला.

तिने दिवे लावले.

"नमुन्यांची रांग असायची," साहेब म्हणाले. "मी पाच मिनिटांनी दिवा लावायचो."

तिला त्यांची दया आली, पण "असू दे" काही तिच्या तोंडून निघालं नाही. "ड्रायर अजून चालू आहे," ती म्हणाली.

कारखान्याला फोन त्यांनीच लावला. पलीकडचा व्यवस्थापक इतका ओरडत होता की तिलाही ऐकू येत होतं. साहेबांनी त्याला मधेच तोडलं, "चूक माझी आहे. आधी ड्रायर बंद करा, मग शिव्या द्या." तासाभराने निरोप आला, ड्रायर बंद केला.

सकाळी ती आली, तर साहेबांनी कपाट उघडून जुन्या अहवालांची चळत टेबलावर मांडली होती. सगळ्यांवर त्यांची सही.

"यातले कुठले पुन्हा करायचे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," ती म्हणाली आणि तिने भट्टी सुरू केली.