बिब्बा उतला म्हन

“अक्का, कुनी इचारलं तं बिब्बा उतला म्हन. मी बी तसंच सांगते.”

चाळीस वर्षं झाली या आवाजाला. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचून दिव्यावर धरला, त्याच्या काळ्या अंगातून तेलाचा पहिला थेंब फुरफुरत बाहेर आला, की धुरपताबाईला तो हमखास ऐकू येई. धाकट्या बहिणीचा, दगडाबाईचा आवाज. चुलीपुढं भाकरी थापता थापता, मान वर न करता बोललेला.

आजही आला. पण आज त्याच्यावर दुसरा आवाज चढला. भिंतीपलीकडून बाभळीच्या फोकाचा सपकारा, आणि त्याच्यामागून तोंडात पदर कोंबल्यासारखं बाईचं कण्हणं.

“थांबलाव कामून वैनी? लावा की,” किशनराव म्हणाला.

धोतर मांडीवर सारून तो ओसरीवर बसला होता. हा धुरपताबाईचा दीर आणि दगडाबाईचा नवरा. दोघी सख्ख्या बहिणी एकाच घरात, दोघा भावांना दिलेल्या. धुरपताबाईचा नवरा केव्हाच गेला, दगडाबाई त्याच्याही आधी. धुरपताबाईची लेक सासरी गेली, मागं उरले हे दोघं. ती त्याला भाकरी करून घाली आणि थंडी पडायला लागली की त्याच्या गुडघ्यांवर बिब्ब्याच्या फुल्या काढी.

बोरीकडच्या या वस्तीतली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला निघत. निघायच्या आधी बायागडी भेगाळलेल्या टाचा घेऊन तिच्या ओसरीवर येत. तापलेलं तेल भेगेत सोडलं की चर्र आवाज होई, माणूस आईच्या नावानं ओरडे, आणि चार दिवसांनी त्याच पायानं फडात उभा राही. बिब्बा जाळतो म्हणून बरं करतो. पण एखाद्याला तो मानवत नाही, मग उततो. अंग सुजतं, फोड येतात, पाणी सुटतं, खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. अशा माणसाला धुरपताबाई तीळ-खोबरं वाटून लेप देई.

पुन्हा सपकारा आला. ती दाभण हातात घेऊनच उठली आणि भिंतीच्या खिंडारातून पाहू लागली.

शेजारच्या परमेश्वरानं बायकोची वेणी मुठीला गुंडाळली होती. राजेश्री न्हाणीच्या दगडापाशी गुडघ्यांवर पडलेली.

“येत न्हाई? आजून म्हन, येत न्हाई!”

“पिंकी पाचवीला हाय... तिची शाळा... मी न्हाई येत तोडीला.”

त्यानं तिचं डोकं दगडावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. न्हाणीच्या पाण्यात तांबडी रेघ उतरली. फोक पाठीवर मोडला तसा त्यानं कुडातून दुसरा उपसला. दारात पिंकी पाठीला दप्तर लावून उभी होती. आणि सासू सगुणाबाई सुपात ज्वारी पाखडत होती.

“तोंडावर नको मारू रं,” ती म्हणाली. “लोक बगतेत.”

  धुरपताबाई मागं फिरली, बसली, बिब्बा ज्योतीवर धरला. नजर खिंडाराकडंच राहिली आणि बिब्ब्यानंच पेट घेतला आणि जळता थेंब किशनरावाच्या मांडीवर पडला.

“मेलो! डोळे फुटले का तुमचे?” तो किंचाळला. मग मांडी चोळत भिंतीकडं हात केला. “अन् तिकडं काय बगायलाव? नवरा-बायकूचं हाय त्ये.”

दुपारी सगुणाबाई आली. “दोन बिब्बे द्या व धुरपताबाई. टाचा लय फुटल्यात.”

धुरपताबाईनं तिच्या टाचांकडं पाहिलं. तेल चोपडल्यासारख्या गुळगुळीत होत्या. पाहिलं, समजलं, आणि तरी तिनं गाडग्यात हात घालून दोन बिब्बे तिच्या ओंजळीत टाकले. त्या रात्री तिला भाकरी गेली नाही.

दगडाबाई तीनदा मार खाऊन तिच्याकडं आली होती. दोन्ही चुली एकाच वाड्यात, यायला असं किती लागतंय! पहिल्यांदा दंड काळानिळा, मग मांड्या, मग बरगड्या. तीनही वेळा धुरपताबाईनं साऱ्या गल्लीला सांगितलं, बिब्बा उतलाय हो तिला. बायका हळहळल्या, तीळ-खोबरं घेऊन आल्या. दगडाबाई जात्यावर बसली की दळता दळता गाई,

बिब्ब्याचं गं झाड | उभं बांधाच्या कडंला
आंग उतलं गं बाई | सांगू कोनत्या गड्याला

चौथ्या खेपेला तिला विहिरीतून काढली. जमादारानं पाठीवरचे वळ पाहून विचारलं, हे काय? साऱ्यांनी धुरपताबाईकडं पाहिलं. धुरपताबाईची स्वतःची दोन महिन्यांची लेक तेव्हा सासूच्या मांडीवर होती, आणि सासूचा हात लेकराच्या मानेवर. “बिब्बा उतला व्हता,” धुरपताबाई म्हणाली. जमादारानं तेच लिहून घेतलं.

राजेश्रीला मारल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारी पोलिसांची जीप आली. राजेश्रीचा भाऊ मुंजाजी झरीहून त्यांना घेऊन आला होता. जीप वस्तीत शिरता शिरता परमेश्वर मागच्या दारानं धुरपताबाईच्या घरात घुसला. लाथेनं त्यानं बिब्ब्यांचं गाडगं फोडलं. काळे बिब्बे घरभर घरंगळले. मग तिचं मनगट पिरगाळून कानाशी म्हणाला, “म्हातारे, बिब्बा तूच लावला अन् त्यो उतला. येवडंच सांगायचं. न्हाई तं ह्या घरात तुला कोंडून पेटवतो.”

शेजारच्या ओट्यावर आताचा जमादार वही उघडून बसला होता. सगुणाबाई हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी. किशनरावही काठी टेकत मागून आला होता. कुणाचा तमाशा असला की त्याच्या गुडघ्यात बळ येई.

“आजी, हे म्हणतात तुम्ही बिब्बा लावला, तो उतला,” जमादार म्हणाला. “जरा आत जाऊन बघा अन् सांगा.”

आत महिला शिपायानं राजेश्रीच्या पाठीवरचं लुगडं बाजूला केलं.  पाठभर फोड, पिवळं पाणी वाहणारे, कापड चिकटून सोललेले. वळांवर कुणीतरी बिब्ब्याचे डाग दिले होते, एकेका वळावर ओळीनं, कशिद्याचे टाके घालावेत तसे. मारलेल्या कातड्यावर वरून जाळलं होतं, कशानं जळलं ते कळू नये म्हणून. आणि बिब्बे तिच्याच गाडग्यातले होते.

“धरून लावला का गं तुला?”

राजेश्रीनं मान हलवली. तिचे ओठ फुटलेले होते. “सासूनं लावला. ह्येनी पाय दिला मानंवर.” मग तिनं धुरपताबाईचा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, “आज्जी, बिब्बा उतला म्हना. पिंकी त्यायच्यापाशी हाय.”

तोच शब्द होता. चुलीपुढचा.

धुरपताबाई बाहेर आली. सगुणाबाईनं नातीला पुढ्यात ओढून घेतलं होतं, हात तिच्या खांद्यावर.

“जमादारसाहेब, आदी लेकराला तिच्या मायीपाशी बसवा. मग बोलते.”

“त्याचं काय काम हाय इथं?” परमेश्वर गुरगुरला.

“बसवा म्हनलं!”

महिला शिपायानं पिंकीला आत नेलं. दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला तेव्हा धुरपताबाईनं श्वास सोडला.

“सगुणाबाई, पदर काडा बरं वर.”

“कामून? मी काय नवरी हाव?”

“काडा.”

जमादारानं मान हलवली तशी सगुणाबाईला पदर वर करावा लागला. एक डोळा सुजून पार मिटलेला, गालावर फोडांची रांग, ओठ वाकडा. बोटांची टोकं काळी आणि उललेली.

“साहेब, चाळीस वर्सं बिब्बा धरते मी. माझी बोटं मेलीत, बगा. पन ज्याच्या हाताला सवय न्हाई, त्यानं त्यो धरला अन् घाम पुसला, की असं व्हतं. बिब्बा धरनाऱ्याला सोडत न्हाई. मी लावला असता तं हिचं तोंड कामून उतलं?”

“टाचंला लावला व्हता मी माझ्या!” सगुणाबाई ओरडली.

“मग टाच दाखवा.”

 सगुणाबाईनं पायांवर लुगडं ओढलं.

“अन् साहेब, फोडाच्या मधी बगायला सांगा बाईला. काठी लागली की दोन रेघा उठतेत, मधी वाट गोरी ऱ्हाती, गाडीच्या चाकोरीवानी. हिरवं-पिवळं पडायलंय आता त्ये. बिब्ब्याचा डाग हिरवा न्हाई पडत. त्यो काळा अस्तो. बिब्बा मागून आला. आदी फोक आला, बाभळीचा. मी डोळ्यानं बगितला. अन् बिब्बे माझ्याच हातानं दिले, टाचा बगूनसुदीक दिले. त्ये बी लिवा.”

परमेश्वर एका उडीत ओट्यावर आला आणि त्यानं म्हातारीच्या तोंडावर मुठीचा ठोसा घातला. ती खांबावर आदळली. पुढचा दात जिभेवर आला. मुंजाजी आणि जमादारानं परमेश्वराला खाली पाडलं, हात मागं पिरगाळले, तरी तो जमिनीत तोंड खुपसून शिव्या देत राहिला. सगुणाबाईनं छाती बडवून घेतली.

सगळं निवलं तेव्हा जमादार धापा टाकत वहीकडं आला. “आजी, दवाखान्यात चला आधी.”

“आदी लिवून घ्या.”

त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, शाईचं पॅड पुढं केलं. धुरपताबाईनं अंगठा दाबला. शाईच्या आधीच तो काळा होता, आणि कागदावर शाईसोबत एक रक्ताचा ठिपकाही उमटला. जमादार वही मिटायला लागला.

“साहेब, मिटू नका.”

“अजून काय?”

धुरपताबाईनं तोंडातला दात तळहातावर घेतला. मग किशनरावाकडं पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून बसला होता, आणि धोतराखाली त्याच्या दोन्ही गुडघ्यांवर परवाच्या फुल्या होत्या, तिनंच जपून काढलेल्या.

“चला वैनी घरी,” तो चटकन उठत म्हणाला. “लय झालं.”

ती उठली नाही.

“माझी बहीन व्हती, दगडाबाई. चाळीस वर्सं झाली. तिलाबी बिब्बा उतला नव्हता. ह्यानं मारली तिला. अन् मी खोटं बोलले.”