साहेबांचं गूळपाणी

मी एक जुना चिरा आहे, जांभ्या दगडाचा. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत विहिरीच्या काठावर बसलेलो. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. मित्रांनो, दगडाला कधी राग येतो का, असं तुम्ही विचाराल. मला आलाय, आणि तो गिळून बसणं आता जमत नाही.

माझा जन्म वाडीच्या डोक्यावरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर झाला. काशीरामने मला हाताने तासलं आणि वाडीने मिळून बाव बांधली तेव्हा काठावर बसवलं. त्याची सून सुंदराबाई माझ्यावर पाय रोवून पाणी शेंदायची. "चिरा कसा गार लागतो," म्हणायची. त्या कौतुकावर मी वर्षानुवर्षं खूश होतो. जांभा भोकाभोकांचा असतो. पावसाळ्यात सडा पोटभर पाणी प्यायचा आणि उन्हाळाभर आम्हाला पुरवायचा.

मग सड्यावर मोठी चिरेखाण आली. काशीराम गरजेपुरते चिरे काढायचा, यंत्रं सगळा सडाच कापू लागली. माझीच भावंडं ट्रक भरभरून गेली. बाव मार्चमध्येच आटू लागली. टँकर यायचा, बावीत पाणी ओतून जायचा आणि बायका ते शेंदून न्यायच्या.

खाणवाल्याला खाण आणखी वाढवायची होती, म्हणून परवानगी देणारे सरकारी साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी सुकी बाव बघितली की खाण थांबेल, एवढीच वाडीची आशा होती. आणि वाडीने काय केलं? पुढारपण करणाऱ्या प्रमोदने सकाळीच टँकर मागवला.

"पावण्यांना गूळपानी नको? सुक्या बावीवर उभं करायचं काय त्यांना?" तो म्हणाला. कोणालाही त्यात वावगं वाटलं नाही. दारी आलेल्याला गूळपाणी दिल्याशिवाय आमची माणसं बोलायलाच लागत नाहीत.

साहेबांनी गूळ खाल्ला, पाणी प्यायलं आणि माझ्यावर हात टेकून आत वाकून पाहिलं.

"पाणी आहे की."

"टँकरचा हाय ता. सकाळीच ओतलानी," सुंदराबाई म्हणाली.

साहेब हसले आणि गाडीत बसले. खाण वाढली. तो हात टेकला तेव्हाच मी निसटायला हवं होतं. माझा अर्धा राग त्या साहेबावर आहे आणि अर्धा आमच्या वाडीच्या भिडेवर.

मित्रांनो, माझ्या भेगा बुजवा असं मी म्हणत नाही. सडा राहिला तर माझा काही उपयोग आहे. तुमच्या गावात कोणी पाहणीला आलं, तर जे आटलंय ते आटलेलंच दाखवा.

वाडीने तक्रार केली आणि उद्या दुसरे साहेब येणार आहेत. आज प्रमोदने टँकरसाठी पुन्हा फोन काढला, तेव्हा सुंदराबाई येऊन माझ्यावर बसली.

"टँकर नको. हंड्यात हाय तेवढ्यावर दोन दिवस काढू."

"आणि साहेबांचं गूळपानी?"

"गूळ मी देतंय," ती म्हणाली. "पानी त्यांनी शेंदून घ्यावं."