मालकाच्या अंगणातली माती

मित्रांनो, मी एक जुना पारामापक आहे. मातीत पारा किती मुरला आहे ते शोधणे हे माझे काम. दिसायला मी साध्या लोखंडी पेटीसारखा, पण एकदा मनात डूख धरला की सोडत नाही.

माझ्या पोटात एक लहानशी भट्टी आहे आणि तिच्यापुढे सोन्याच्या तारेचे बारीक वेटोळे. चिमूटभर माती तापली की तिच्यातला पारा वाफ होऊन निघतो आणि त्या सोन्याला चिकटतो. तिथे मी त्याला पकडतो आणि मोजतो.

मी इथल्या प्रयोगशाळेत आलो तेव्हा आमच्या उष्ण, दमट गावात नदीकाठी सोने काढायचा कारखाना जोरात चालला होता. वाळूत पारा कालवायचा, सोने त्याला चिकटले की तो गोळा तापवून पारा उडवून द्यायचा, अशी तिथली रीत. उडालेला पारा जाणार कुठे? तो झाडांच्या पानांवर बसे, पाचोळ्यातून आणि पावसातून मातीत मुरे.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे मातीवाल्या बाई म्हणत. त्यांचा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात भट्टीवर होता. आधी त्याचे हात थरथरू लागले, शर्टाचे बटणही लावता येईना. मग जीभ अडखळू लागली. बाईंनी कारखान्याच्या दारातली माती आणली. माझा आकडा भलताच मोठा निघाला, तो घेऊन त्या तडक कारखान्यात गेल्या.

कारखान्याचे मालक तणतणत प्रयोगशाळेच्या साहेबांकडे आले. "हे डबडं बिघडलंय!" साहेबांनी मान डोलावली आणि मला अडगळीत टाकले. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. बाईंचा भाऊ गेल्याचे मला तिथेच कळले. तेव्हापासून मी एकच घोकत होतो, या माणसाची माती एकदा माझ्या पोटात येऊ दे.

आली! मालकांच्या गरोदर सुनेची बोटे बधिर होऊ लागली. डॉक्टरांनी घराच्या अंगणातली माती तपासायला सांगितली. मालक रुमालात माती बांधून बाईंपुढे उभे राहिले.

"बाई, जरा गुपचूप मोजून द्या."

"कशानं मोजू? यंत्र तर बिघडलंय ना?"

"अहो, तेव्हा रागात बोललो."

"मग साहेबांसमोर, चारचौघांत सांगा, ते नीट होतं म्हणून."

मालकांना सांगावे लागले. साहेबांनी मला अडगळीतून बाहेर काढवले. बाईंनी माझ्या वायरी बदलल्या, नळी धुतली, आकडा ठाऊक असलेली माती घालून मला पारखले. मग मालकांची माती घातली. मी ती सावकाश, चवीने तापवली. आकडा कारखान्याच्या दारातल्या मातीहून मोठा निघाला. कामगारांवर विश्वास नसल्यामुळे मोठमोठे गोळे मालक घरामागच्या खोपटातच तापवून घेत!

"काहीतरी चुकतंय," ते पुटपुटले.

"पुन्हा मोजते."

मी पुन्हा तोच आकडा दाखवला. खरे सांगतो, मला फार गोड वाटले.

बाईंनी आधी सुनेला फोन केला. "पोरी, आजच्या आज माहेरी जा. त्या अंगणात पाऊलसुद्धा ठेवू नकोस." मग आकडा मोठ्या अक्षरांत लिहून प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवला.

मालकांनी हात जोडले. "काढा तो कागद. गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"माझा भाऊ तर तोंड दाखवायला उरलाच नाही," बाई म्हणाल्या.

आकडा गावभर झाला आणि कारखान्याला टाळे लागले. मालकांच्या अंगणातली माती उकरायला गावातला एकही मजूर तयार होईना. शेवटी तोंडाला फडके बांधून मालकांनीच फावडे उचलले आणि पिंपे भरली. सुनेची बोटे हळूहळू सुधारली, याचा मला आनंद आहे. मालकांची दया मात्र मला कधी आली नाही.

मित्रांनो, मातीत टाकलेले नाहीसे होत नाही, म्हणून टाकण्याआधी विचार करा. आणि माझ्यासारख्यांना अडगळीत न टाकता धुऊनपुसून, तयार ठेवा. अजून पुष्कळ अंगणांची माती यायची आहे, आणि मी कोणालाही सोडणार नाही.